धुळीवरचा फवारा आणि दिराचं लग्न

लग्न होऊन मी बेळगावजवळच्या खेड्यातून डिचोलीला आले, तेव्हा सासरी वाहन म्हणून एक सायकल होती आणि तिला दोन दिवे होते. एक पुढे, आणि दुसरा मागच्या चाकाजवळ, खाली तोंड करून. सायकलीला खाली बघणारा दिवा कशाला, हे नवी नवरी असल्यामुळे मी विचारलं नाही. पुढे एकदा यांच्या मागे बसून बाजारात गेले तेव्हा हे आपणहूनच म्हणाले, "पाय खंय दवरचे तें दिसूंक जाय ना मागल्याक?" मागे बसणाऱ्याला पाय ठेवायची जागा दिसावी म्हणून म्हणे. भर दुपारची वेळ होती, पण दिवा लागला होता. माझे पाय मला स्वच्छ दिसत होते.

माझा नवरा सुर्ल्याला एका खाणीच्या कचेरीत कारकून होता. विजेचं शिक्षण काही नाही. पण कुठे वायरीचा तुकडा दिसला, की तो उचलून खिशात घालायचा आणि धोब्याला कपडे द्यायच्या आधी ते तुकडे काढून ठेवायचं काम माझं.

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्यानंतरच्या एकदोन वर्षांत आम्ही म्हापशाच्या एका डॉक्टरांकडून त्यांची जुनी गाडी घेतली. पिस्त्याच्या रंगाची, चार दारांची, बोनेटावर थोडी गंजलेली. घरात आम्ही चौघं. हे, मी, माझ्या सासूबाई आणि धाकटा दीर. गाडी अंगणात आली तेव्हा सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि विचारलं, "हिका आणखी किदें लावपाचें आसा?" आपल्या मुलाला त्या ओळखून होत्या.

सुरुवात झाली ती मात्र खरोखरच्या गरजेतून. त्या काळात डिचोलीच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक एकामागून एक धावायचे. सर्वणच्या बाजूने येणारी भाजीवाली बाई बाजारात पोचेपर्यंत तिची वांगीसुद्धा तांबडी झालेली असायची. गाडीची पुढची काच सुर्ल्यापर्यंत जाईजाईतो विटेसारखी व्हायची. वायपर चालवला की त्या धुळीचा चिखल व्हायचा आणि काचेवर दोन तांबड्या कमानी उमटायच्या. हे मान बाहेर काढून गाडी चालवायचे. कचेरीत पोचले की अर्धा चेहरा गोरा आणि अर्धा तांबडा.

मग त्यांनी फवारा बसवला. ट्रकांच्या वायरिंगची कामं करणाऱ्या एका गॅरेजातून बॅटरीवर चालणारी छोटीशी मोटर आणली. खोबरेल तेलाचा रिकामा डबा धुऊन बोनेटखाली बसवला. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून सलाइनची नळी मागून घेतली आणि टोकाला बॉलपेनाच्या पितळी टोप्या लावल्या. डब्यात लिंबाच्या वासाच्या कपडे धुवायच्या पावडरीचं पाणी. कळ दाबली की दोन सणसणीत धारा काचेवर पडायच्या, वायपर फिरायचा आणि काच लख्ख.

खोटं कशाला बोलू, मलाही कौतुक वाटलं. शेजारीपाजारी बघायला आले. सासूबाईंनी बाहेरूनच विचारलं, "कपडे धुता काय रे ही?" त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

हा पहिला प्रयोग फसला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

फवाऱ्याच्या पाठोपाठ पंखा आला. आरशाच्या शेजारी बसवलेला, जाळी नसलेला. जाळीमुळे वारा अडतो असं यांचं म्हणणं होतं. एका रविवारी मी डोक्यात अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, माळून पुढच्या सीटवर बसले आणि सासूबाईंशी बोलायला मान मागे वळवली. पंख्याने वळेसर अलगद ओढून घेतला आणि पुढच्याच क्षणी सगळ्या गाडीभर अबोली उधळली. सासूबाईंच्या मांडीवर, दिराच्या शर्टात, यांच्या कानात. कानातलं फूल तसंच ठेवून हे म्हणाले, "वारो बरो मारता."

मग स्टीअरिंगशेजारच्या सामानाच्या कप्प्यात दिवा आला. गाडी मागे घेताना वाजणारी धून आली. दार उघडं राहिलं तर किरकिरणारा भोंगा आला, जो दार बंद असतानाही किरकिरायचा. इतक्या कळा ठेवायच्या कुठे? तर यांनी घरातल्या भिंतीवर असतो तसा लाकडी स्विचबोर्ड आणला, पांढऱ्या बटणांचा, आणि स्टीअरिंगच्या बाजूला स्क्रूने आवळून बसवला. गाडीत बसलं की एखाद्याच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटायचं.

बटणांवर काय लिहायचं यावरून भांडण झालं. यांनी सुवाच्य अक्षरात 'पाणी', 'वारा', 'उजेड' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे, कोकणीचे कट्टर अभिमानी. आमच्याकडे मराठी वर्तमानपत्र यायचं, त्यांच्याकडे कोकणी, आणि सकाळी हे आणि मास्तर दोघंही आपापलं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. मास्तर गाडीत डोकावून म्हणाले, "पाणी? गोंयच्या गाडयेंत उदक आसूंक जाय."

"गाडी माझी," हे म्हणाले.

"उदक गोंयचें," मास्तर म्हणाले.

दोघं बराच वेळ गाडीच्या दोन बाजूंना उभं राहून वाद घालत होते. शेवटी सासूबाई आतून ओरडल्या, "माका वाचूंक येना. माका कोण सांगतलो खंयचें किदें तें?" दोघंही गाडीपासून मागे सरले. यांनी चिठ्ठ्या काढल्या आणि चित्रं काढली. पाण्याला बादली, वाऱ्याला नारळाचं वाकलेलं झाड, उजेडाला सूर्य. सूर्याला मिश्या होत्या. त्या का, ते मला कधी कळलं नाही. मास्तरांना चित्रं पसंत पडली.

सासूबाईंची घंटा ही शेवटची सोय, आणि ती त्यांच्याच मागणीवरून झाली. त्यांना गाडी लागायची. पोटात ढवळायला लागलं की त्या मागून हाक मारायच्या, पण इंजिनाच्या आवाजात, पंख्याच्या घरघरीत आणि दाराच्या भोंग्यात त्यांची हाक पुढे पोचायची नाही. एकदा अस्नोड्याच्या वळणावर जे व्हायचं ते होऊन गेलं. त्यानंतर त्यांनी मुलाला समोर बसवून विचारलं, "मंत्र्याक मागसून बोलूक सोय आसता मगे? माका कित्या ना?"

मग मागच्या सीटच्या हाताशी दाराच्या घंटेचं बटण बसलं. दाबलं की पुढे टणटण. एकदा वाजली तर थांब, दोनदा वाजली तर हळू घे, असं ठरलं. पण सासूबाईंना ती घंटा फारच आवडली. देऊळ दिसलं की घंटा. ओळखीचं माणूस दिसलं की घंटा. एखाद्याच्या परसातले फणस मोठे दिसले तरी घंटा. हे प्रत्येक वेळी ब्रेक दाबायचे, मागचे ट्रकवाले शिव्या द्यायचे आणि सासूबाई खिडकीतून त्या माणसाच्या आईची चौकशी करायच्या, "आवय बरी आसा मगे?"

अशा या गाडीतून माझा दीर नवरदेव म्हणून लग्नाला निघाला.

मुलगी पेडण्याकडची. वडिलांच्या काजूच्या बागा, घर भरलेलं, माणसं चांगली. वडील मात्र फार कमी बोलायचे. पांढऱ्या जाड मिश्या, त्याखाली बंद तोंड. ठरवायच्या बैठकीत ते सबंध वेळात फक्त "जांव" एवढंच बोलले होते. त्यांचा "जांव" म्हणजे 'होऊ दे' असा होकार होता की 'जाऊ दे' अशी आमच्या निघण्याची परवानगी, यावर घरी येईपर्यंत आमच्यात चर्चा चालली. सासूबाई त्यांना मनातून घाबरायच्या, म्हणून लग्नात काही कमी पडू नये असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

लग्नाच्या सकाळी फुलांची सजावट करणारा माणूस आला. झेंडूच्या माळा, माडाच्या झावळ्या, मध्ये शेवंतीचा मोठा गुच्छ. सगळं घट्ट राहावं म्हणून त्याने बारीक लोखंडी तार घेतली, बोनेटच्या फटीतून आत घातली, आत जे काही हाताला लागलं त्याला वेढा दिला आणि पक्कडीने आवळली. ज्याला वेढा दिला ते वायरींचं भेंडोळं होतं. तारेने त्यांची सालं कापली. हे आम्हाला दुपारी कळलं. सकाळी आम्ही म्हणालो, काय छान बांधलंय, हलत नाही.

गाडी हे चालवत होते, शेजारी मी. मागे नवरदेव मुंडावळ्या सावरत आणि त्याच्या बाजूला सासूबाई. यांनी त्यांना आधीच विनवलं होतं, "आई, आज घांट मारूं नाका." सासूबाईंनी हात पदराखाली घेतले आणि खरोखरच म्हापसा ओलांडला, कोलवाळचा पूल ओलांडला, तरी त्यांनी बटणाला हात लावला नाही. वाटेत दोन देवळं गेली. त्या नुसत्या हात जोडत होत्या आणि बटणाकडे बघत होत्या.

मुलीच्या घरापाशी मांडव होता. सनई वाजत होती. गाडी थांबली आणि मुलीकडची सगळी माणसं सामोरी आली. पुढे वडील, काळा कोट, हातात हार. त्यांच्या मागे बायका, आरतीची ताटं घेऊन. सगळे बोनेटच्या समोरच उभे राहिले, कारण नवरदेव पुढे बसलाय असं त्यांना वाटलं. मागच्या दाराकडे कुणीच येईना.

सासूबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांचा धीर सुटला. नवरदेव मागे आहे हे सांगायला हवं, म्हणून त्यांनी बटण दाबलं.

घंटा वाजली नाही. बोनेटखालून घूं असा आवाज आला आणि त्या दोन पितळी टोप्यांतून दोन धारा उडाल्या. एरवी त्या काचेवर पडायच्या. पण शेवंतीच्या गुच्छाने टोप्या मुरडून समोर केल्या होत्या. पहिली धार वडिलांच्या कोटावर, दुसरी थेट मिश्यांवर.

सनई थांबली. वाजवणाऱ्याच्याच तोंडून हवा निघून गेली असावी. यांनी स्विचबोर्डवरची सगळी बटणं पटापट बंद केली, त्यात काही चालूही झाली आणि सूर्याच्या मिश्यांवर बोट ठेवून ते तसेच गोठले. मी पदर तोंडावर घेतला. मागे दीर पुटपुटला, "मोडलं. लग्न मोडलं."

वडील हलले नाहीत. मिश्यांतून पाणी टपकत होतं. तेवढ्यात मागून मुलीची म्हातारी आत्या पुढे झाली. तिला कमी दिसायचं. तिने हात पुढे करून ओल्या कोटाला लावला, नाकाशी नेला आणि आनंदाने ओरडली, "गुलाबपाणी गो! गाडयेतसून गुलाबपाणी!"

बायकांत एकदम कुजबुज झाली. गुलाबदाणीने पाहुण्यांवर शिंपायचं गुलाबपाणी सगळ्यांनी पाहिलं होतं, पण गाडीतून शिंपलेलं कुणीच नव्हतं. वडिलांनी मिशीवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि त्या दिवशीचं पहिलं वाक्य बोलले.

"वास गुलाबाचो नाय."

मागच्या खिडकीतून सासूबाईंनी डोकं बाहेर काढलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. "लिंबाचो आसा," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात लिंबाचोच बरो. थंड पडता."

"आमच्याकडे नाय अशी रीत," वडील म्हणाले.

"डिचोलेंत आसा," सासूबाई म्हणाल्या.

म्हातारी आत्या बोनेटसमोर वाकून उभी राहिली होती. डोकं पुढे, डोळे मिटलेले. "घाल गो बाये," ती म्हणाली. आता दुसरा इलाजच नव्हता. सासूबाईंनी बटण दाबलं. आत्याच्या पांढऱ्या केसांवर धार पडली आणि ती समाधानाने बाजूला झाली. तिच्या मागे मावशी आली. मावशीच्या मागे काकू. मग मुलीचे मामा टोपी काढून आले. बघता बघता गाडीसमोर रांग लागली, आणि सासूबाई मागे बसून एकेकावर बटण दाबायला लागल्या. घंटेची सगळी हौस त्यांनी तिथे भागवून घेतली. कुणाला थोडं, कुणाला जास्त. मानाच्या माणसांवर दोनदा.

यांनी माझ्याकडे बघितलं. "पावडर जास्त घातली होती मी," ते हळूच म्हणाले, "लांबचा प्रवास म्हणून."

ते दिसतच होतं. मामांच्या टकलावर फेस यायला लागला होता. एका काकूंनी कपाळ पुसलं तर कुंकवाचा गुलाबी साबण झाला. पण आता सगळे हसायला लागले होते आणि हसणाऱ्या माणसांना फेसाचं काही वाटत नव्हतं. करवल्या एकमेकींना पुढे ढकलत होत्या. सनईवाल्याने पुन्हा सुरू केलं. एवढ्या सगळ्यात नवरदेवाला कुणीच विचारत नव्हतं. तो दार उघडायला गेला, तर दाराचा भोंगा किरकिरायला लागला, म्हणून त्याने पुन्हा लावून घेतलं. तरी भोंगा थांबला नाही. लोकांना वाटलं, तीही डिचोलीची रीत.

शेवटी मांडवातून भटजी तावातावाने बाहेर आले. "मुहूर्त जातो आहे! काय चाललंय काय इथे?" असं म्हणत ते बरोब्बर बोनेटसमोर आले. सासूबाईंनी त्यांनाही मान दिला. पण डबा संपला होता. मोटर घुरघुरली, टोप्यांतून दोन मोठे बुडबुडे निघाले, भटजींच्या नाकासमोर जाऊन फुटले आणि त्यानंतर लग्न लागलं.

जेवणं झाल्यावर यांनी बोनेट उघडलं, तेव्हा घंटेची वायर फवाऱ्याच्या वायरीला चिकटलेली दिसली, आणि त्यांनी ती तार कापली. वायरींना पट्ट्या गुंडाळल्या आणि आता सगळं ठीक आहे असं सांगितलं. सगळं ठीक नव्हतं. बॅटरी उतरली होती. नव्या नवरीला मागे बसवून मुलीकडच्या पुरुषांनी गाडी ढकलली, मामा सगळ्यांत पुढे. गाडी सुरू झाली आणि त्याबरोबर घंटाही. ती थांबेना. पंखा सुरू झाला, मागे घ्यायची धून पुढे जाताना वाजायला लागली. यांनी बटणं बंद केली की गाडी बंद पडायची, म्हणून सगळं चालू ठेवून आम्ही निघालो.

नवी नवरी बराच वेळ खाली मान घालून बसली होती. कोलवाळच्या पुलावर तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. "ही घंटा बंद नाही होत?"

"जाता," सासूबाई म्हणाल्या. "पूण मग गाडीय बंद जाता."

मुलीने थोडा विचार केला, मुंडावळ्या वर बांधल्या, डोक्यावरचा पदर कानांवरून घट्ट ओढला आणि खिडकीला टेकून झोपली. ही मुलगी आमच्या घरात टिकणार, हे मला तेव्हाच कळलं. डिचोली जवळ आल्यावर खनिजाचे ट्रक समोर आले, आणि ते चक्क बाजूला झाले. ट्रकवाल्यांनी कुणाला वाट दिलेली मी तोपर्यंत पाहिली नव्हती. त्यांना काय वाटलं कोण जाणे, आगीचा बंब की आणखी काही. एकाने झेंडूच्या माळा बघून गाडीला नमस्कारही केला.

पुढे काही आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, मुलीचे वडील आपली जीप घेऊन आमच्या दारात उभे राहिले. एकटेच. न कळवता. आमच्या घरात पळापळ झाली. सासूबाई देवासमोर जाऊन बसल्या. माझी जाऊ म्हणाली, "बाबा असे कधी कुठे जात नाहीत." मी चहा ठेवला. वडील खुर्चीत बसले, चहा प्याले, पाव खाल्ला, गप्प. हे समोर बसले होते, पापी माणसासारखे.

शेवटी यांनाच राहवलं नाही. "त्या दिवसाचं सांगायचं होतं," ते म्हणाले. "ते गुलाबपाणी नव्हतं. लिंबाचंही नव्हतं. काच धुवायचं साबणाचं पाणी होतं."

"माका ठावक आसा," वडील म्हणाले. "मिशांक फेस इल्लो."

"मग तेव्हा बोलला नाहीत?"

वडिलांनी रिकामा कप खाली ठेवला. "माजी भयण," ते म्हणाले, म्हणजे ती म्हातारी आत्या, "घोव गेल्यापसून लग्नाकार्यात भायर येय नासली. त्या दिसा ती सगळ्यांच्या पयली उभी रवली." नवरा गेल्यापासून घरातच राहिलेल्या बहिणीबद्दल एवढं एका दमात बोलल्यामुळे ते स्वतःच दचकले आणि घाईघाईने उठून जीपकडे गेले. काचेवरची तांबडी धूळ त्यांनी बोटाने दाखवली. "बसवतास?"

माझ्या नवऱ्याचा चेहरा मी विसरणार नाही. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी आपणहून काम मागायला आलं नव्हतं. ते आत धावले आणि खिसे भरून बाहेर आले.

दोघं दुपारपर्यंत जीपखाली होते. मास्तरही येऊन उभे राहिले आणि सूचना करायला लागले. ही दोन टोकांची माणसं एकमेकांशी काय बोलत असतील म्हणून मी एकदा कानोसा घेतला. हे सांगत होते, "ही तांबडी वायर, ही काळी." वडील म्हणत होते, "जांव." परत, "आता ही हिच्याक जोडायची." "जांव." आत सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी दोनदा गरम करून झाली. जाऊ म्हणाली, "माझ्या बाबांना मी एवढं बोलताना कधी ऐकलं नाही." आम्ही दोघींनी वाट न बघता जेवून घेतलं.

तीनच्या सुमारास फवारा उडाला. काचेवर, अगदी नेमका. वडिलांनी वायपर फिरवला, काच लख्ख झाली आणि मिश्यांखाली काहीतरी हललं. जेवून ते निघाले. कोपऱ्यावर उजवीकडे वळायचा दिवा त्यांनी लावला, तेव्हा जीपचा हॉर्न वाजला. त्यांनी दिवा बंद केला, हॉर्न बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. हे "आणतो, पक्कड आणतो!" असं ओरडत अंगणातून धावले. वडिलांनी जीप थांबवली नाही. उजवा हात खिडकीबाहेर सरळ काढला आणि शांतपणे वळून पेडण्याच्या वाटेला लागले.